पहिल्या सुरुंगाआधीचा करार



बेळगावच्या एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला आहे. ते स्वतः सरकारी कामांचे ठेकेदार आहेत. ते विचारतात, "अमेरिकेत म्हणे मोठ्या सरकारी बांधकामाआधी मजुरांच्या संघटनांशी त्या एका कामापुरता वेगळा करार करतात. आपल्याकडे कामगार कायद्यांचा ढीग आहे. मग असा करार कशाला, आणि करायचाच तर कोणत्या कामावर?"

प्रश्न मला आवडला. त्याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे, म्हणून आजचा भाग त्यावर. सुरुवात माझ्या घरापासून करतो.

मी राहतो तो अधारताल हा जबलपूरचा एक भाग. कृषी विद्यापीठ याच बाजूला आहे. इथलं तळं राणी दुर्गावतीचे दिवाण अधारसिंह यांनी खोदवलं असं परंपरा सांगते. राणीचं राणीताल, दिवाणांचं अधारताल आणि राणीच्या दासीचं चेरीताल. राणी १५६४ मध्ये मोगलांशी लढताना गेली. साडेचारशे वर्षांनंतरही ही तिन्ही नावं जबलपूरकरांच्या तोंडी आहेत. पण तळ्यातली माती ज्यांनी उपसली त्यांना दिवसाला काय मिळालं, वेळेवर मिळालं का, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

भोर घाटाच्या बाबतीत ते लिहिलं गेलं. कारण तिथे दंगल झाली.

जबलपूरहून एकदम खंडाळ्याला कसा पोचलो, असं वाटेल. तर आमच्या या गावाचा सह्याद्रीच्या घाटांशी जुना संबंध आहे. मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे यांचा मिलाफ जबलपुरात झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो त्या समारंभाला इथे आले होते. मुंबई ते कलकत्ता रेल्वेने जाता येऊ लागलं ते तेव्हापासून. पण मुंबईच्या रुळांना आधी सह्याद्री चढावा लागला होता. त्यासाठी दोन वाटा होत्या. नाशिककडे, म्हणजे पुढे आमच्याकडे येणारा थळ घाट आणि पुण्याकडे जाणारा भोर घाट. मजुरीचा जो प्रश्न आज आपल्यापुढे आहे, तो भोर घाटात पेटला.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, हे आपण शाळेत शिकलो. पुढची हकिकत सहसा शिकवत नाहीत. १८५६ मध्ये रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत गेले. १८५८ च्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट तेवढा राहिला. प्रवासी खाली उतरायचे आणि पालखीतून, तट्टावरून किंवा पायी घाट चढून वरची गाडी पकडायचे. दोन्ही बाजूंना रेल्वे आणि मध्ये डोंगर, अशा वेळी कंपनीवर किती दडपण असेल ते सांगायला नको.

चढाची लांबी जवळजवळ सोळा मैल, म्हणजे सुमारे २५ किलोमीटर. चढायची उंची १,८०० फुटांच्या वर. पंचवीस बोगदे. कातळ काळा, आणि तो फोडायला पहार, छिन्नी आणि सुरुंगाची दारू. यंत्रं म्हणावी अशी नव्हतीच. काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झालं. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. ठेका विल्यम फेव्हिएल यांचा, म्हणजे मुंबई-ठाणे मार्गाच्या ठेक्यात जे भागीदार होते तेच. माणूस नवखा नव्हता.

मजूर किती? १८६१ च्या सुमारास ही संख्या ४२,००० च्या वर गेली होती. त्या काळच्या एखाद्या चांगल्या शहराची वस्ती डोंगराच्या उतारावर झोपड्यांत राहते आहे, असं डोळ्यांपुढे आणा. देशावरचे, कोकणातले, आणि फार लांबून आलेलेही. दगडाच्या कामात मुरलेले वडार कुटुंबकबिल्यासह आले होते. बाई टोपली वाहते, पोरं खडी उचलतात, पुरुष पहार मारतो. वडारांना रोजाने काम करणं पसंत नसे, ते मापावर काम मागत. पावसाळ्यात काम थांबायचं आणि माणसं पांगायची. दसऱ्यानंतर पुन्हा गोळा करायची. त्यात पटकीच्या साथी. साथ आली की छावणीच्या छावणी ओस पडायची.

आता पैशाची वाट बघा, कारण सगळं मर्म तिथे आहे. कंपनी पैसे देणार ठेकेदाराला. ठेकेदाराने घाटाचे तुकडे पाडून पोटठेकेदार नेमलेले, त्यांत बरेच गोरे. पोटठेकेदार पैसे देणार मुकादमाला. मुकादमाने गावात उचल देऊन माणसं आणलेली, तेव्हा तो आधी आपली उचल कापून घेणार, आणि उरलेलं मजुराच्या हातावर ठेवणार. वरून निघालेला रुपया चार हातांतून खाली येतो. एक हात जरी अडला तरी खालच्या हजारो चुली विझतात. आणि मजुराला दिसतो तो फक्त सर्वांत जवळचा हात. कंपनीने पैसे दिले की नाही हे त्याला कळायला मार्गच नाही.

जानेवारी १८५९ मध्ये हेच झालं. मजुरी थकली होती, जी मिळत होती ती कमी भरत होती. मजूर गोऱ्या देखरेख करणाऱ्यांवर चालून गेले, मारहाण झाली. १८५७ ला दोन वर्षंही झाली नव्हती, तेव्हा गोऱ्यांवर जमाव धावून गेला ही बातमी सरकारला किती झोंबली असेल याची कल्पना करा. पण चौकशी झाली तेव्हा बंडबिंड काही निघालं नाही. निघाली ती थकलेली मजुरी. मार्चमध्ये फेव्हिएल यांनी ठेका सोडला. काही महिने कंपनीच्या अभियंत्यांनी काम रेटलं. नोव्हेंबरमध्ये नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आले आणि काही दिवसांतच वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी ठेका आपल्याकडे घेतला आणि अभियंत्यांच्या मदतीने तो पुरा केला. एप्रिल १८६३ मध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाट खुला झाला.

दंगलीच्या पुढच्याच वर्षी, १८६० मध्ये, सरकारने कायदा केला. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक बांधकामांवरचे मजूर आणि त्यांचे मालक यांच्यातले तंटे झटपट मिटवण्याचा कायदा. आपल्या देशात औद्योगिक तंट्यांवरच्या कायद्यांचा इतिहास लिहिणारे बहुधा याच कायद्यापासून सुरुवात करतात. म्हणजे त्या इतिहासाचं मूळ खंडाळ्याच्या कातळात आहे, हे मराठी माणसाला ठाऊक असायला हवं.

या कायद्यात चांगलं काय होतं? मजुरीचा तंटा मॅजिस्ट्रेटपुढे नेता येई आणि तो तिथल्या तिथे निकाल देई. वर्षानुवर्षांची दिवाणी कोर्टकचेरी नाही. पण मजुराने करार मोडला, काम सोडलं, तर तो फौजदारी गुन्हा धरला जाई. मालकाने पैसे थकवले तर त्याने पैसे द्यायचे, मजूर निघून गेला तर त्याने तुरुंगात जायचं. तराजूची दोन पारडी अशी होती. पुढे व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कामगार आयोगाने १९३१ मध्ये अहवाल दिला आणि १९३२ मध्ये हा कायदा रद्द झाला. बहात्तर वर्षं तो पुस्तकात होता.

माझं म्हणणं असं की १८६० चा कायदा आला दंगलीनंतर. जे त्यात लिहिलं ते १८५६ च्या जानेवारीत, पहिला सुरुंग लावण्याआधी, कंपनी, ठेकेदार आणि मुकादम-मजूर यांनी एकत्र बसून ठरवलं असतं, तर ते दोन्ही बाजूंनी ठरलं असतं. दंगलीनंतर जे ठरतं ते एकाच बाजूने ठरतं.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे.

ऐंशीच्या दशकात मी कॅप्टन होतो. डोंगराळ सीमाभागात एका रस्त्याच्या कामावर देखरेखीला होतो. संरक्षक भिंतींचं काम एका ठेकेदाराकडे होतं. दोनेकशे मजूर दूरच्या राज्यातून मेटने आणलेले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एक वयस्कर मजूर माझ्या तंबूशी आला. हात जोडून म्हणाला, "साहेब, दोन महिने झाले, मेट पैसे देत नाही." मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, "बाबा, हा तुमचा आणि ठेकेदाराचा मामला आहे. त्यांच्याशी बोला."

दहा दिवसांनी सकाळी कामावर गेलो तर चिटपाखरू नाही. घमेली, फावडी जिथल्या तिथे. मेट पैसे घेऊन पसार झाला होता आणि माणसं रातोरात निघून गेली होती. नवी माणसं मिळेपर्यंत बर्फ पडलं. अर्धवट भिंतीच्या वरचा उतार रस्त्यावर आला. पुढच्या चौकीची हिवाळ्याची उरलेली रसद आम्हाला खेचरांवरून आणि माणसांच्या पाठीवरून पोचवावी लागली. जवानांनी ती पोचवली, कुणी दगावलं नाही, पण त्यात माझा शहाणपणा काही नव्हता.

चौकशीत वरिष्ठांनी ठेक्याचे कागद माझ्यापुढे टाकले. त्यात लिहिलेलं होतं की ठेकेदार मजुरी देत नसेल तर खात्याने ती स्वतः द्यावी आणि ठेकेदाराच्या बिलातून कापावी. ते पान मी वाचलंच नव्हतं. त्या वयस्कर मजुराला तर ते असल्याचंही ठाऊक नव्हतं. आणि गंमत अशी की माझ्या स्वतःच्या कंपनीत पगाराच्या दिवशी मी टेबल मांडून बसायचो. जवान सलाम करून पुढे यायचा, रजिस्टरवर सही करायचा, पैसे मोजून घ्यायचा. त्याच रस्त्यावर दगड फोडणाऱ्या माणसाचा पगार कुणी कुणाला दिला, हे मी एकदाही पाहिलं नाही.

हा नियम काही खास आमच्या कामाचा नव्हता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात तो स्पष्ट होता. मजुरी वाटताना मूळ मालकाचा माणूस हजर असावा लागे, आणि ठेकेदाराने दिली नाही तर मूळ मालकाला ती द्यावी लागे. भोर घाटाला नेमकं हेच हवं होतं. ते कायद्यात यायला १११ वर्षं लागली. आणि कायद्यात आल्यावरही काय झालं? १९८२ च्या आशियाई खेळांसाठी दिल्लीत बांधकामं चालली होती. मजुरांसाठी किमान वेतन होतं रोज सव्वानऊ रुपये. त्यातला एक रुपया जमादार कमिशन म्हणून कापायचे. मजुराच्या हातात सव्वाआठ. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशांत काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमाखालची वेठबिगारीच आहे. मुकादमाचं नाव जमादार झालं होतं, हात तोच होता.

म्हणून बेळगावच्या मित्रांना सांगतो, कायदा सगळ्या देशासाठी असतो. करार एका कामासाठी असतो. त्यात वार लिहिलेला असतो, जागा लिहिलेली असते, आणि तक्रार कुणाकडे न्यायची त्या माणसाचं नाव लिहिलेलं असतं. तो काम सुरू होण्याआधी मजुरांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवता येतो.

आता अमेरिकेचं बघू. तिकडे १९३० च्या दशकात कोलंबिया नदीवरचं ग्रँड कूली धरण झालं, तेव्हापासून मोठ्या सरकारी कामांवर असे करार होऊ लागले. रचना साधी आहे. कामावर येणारे सगळे ठेकेदार आणि सगळ्या संघटना एकाच करारावर सह्या करतात. मजुरी, पाळ्या, सुट्ट्या आधी ठरतात. काम पुरं होईपर्यंत संप नाही, टाळेबंदी नाही, तंटा लवादाकडे. बोस्टन बंदराच्या सफाईच्या कामावर असाच करार झाला आणि त्याला कोर्टात आव्हान मिळालं. १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सरकार स्वतः काम करून घेत असेल तर ते अशी अट घालू शकतं. २०२२ मध्ये अध्यक्ष बायडन यांच्या आदेशाने साडेतीन कोटी डॉलर किंवा त्यावरच्या संघराज्य सरकारी बांधकामांना असा करार सर्वसाधारणपणे लागू केला. विरोधकही आहेत. ते म्हणतात की यामुळे संघटनेबाहेरचे छोटे ठेकेदार निविदेलाच येत नाहीत आणि खर्च वाढतो. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. आपल्याकडे विचार करताना तो लक्षात ठेवायला हवा.

पण आपल्याकडे आणखी मोठी अडचण आहे. सही करायची कुणाशी? आपला बांधकाम मजूर बहुतांशी असंघटित. आज इथे, उद्या तिथे. मी सकाळी फिरायला निघतो तेव्हा तिराह्यावर डबा आणि फावडं घेऊन उभे असलेले लोक दिसतात. मंडला, डिंडोरीकडचे गोंड, बैगा असतात. संध्याकाळी कोण कुठल्या कामावर होता, हे त्यांनाच ठाऊक. त्यांच्या नावाने एखादा पुढारी संघटनेचं लेटरहेड घेऊन आला आणि त्याच्याशी करार झाला, तर आपण एक नवा मुकादम तयार केला, एवढंच होईल.

यावरचं उत्तरही महाराष्ट्राकडेच आहे. हमाल आणि माथाडी यांच्याहून विस्कळीत कामगार कोण? रोज नवा मालक, नवी वखार. अण्णासाहेब पाटील यांनी त्यांना एकत्र आणलं, आणि १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचं मंडळ. मालकाने मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही मंडळात भरायची, मंडळ ती नोंदलेल्या माथाडीला देणार. मधला हात कायद्याने बाजूला केला. या व्यवस्थेत पुढे दोष शिरले, दादागिरीच्या तक्रारी झाल्या, हेही खरं. पण असंघटित मजुराशी तिघांत बसून व्यवहार होऊ शकतो, हे तिने सिद्ध केलं. बांधकाम मजुरांसाठीही १९९६ च्या कायद्याने राज्याराज्यांत कल्याण मंडळं आली आणि बांधकाम खर्चावर उपकर बसला. म्हणजे तिसरा सही करणारा शोधायला लांब जायला नको. मोठ्या कामावर टोळीटोळीने निवडलेले मजुरांचे प्रतिनिधी, मुख्य ठेकेदार आणि काम करून घेणारं खातं यांनी सह्या कराव्या, मंडळाने नोंद ठेवावी.

मग कधी करावा असा करार? भोर घाटावरून माझी कसोटी सांगतो.

काम एका मोसमापेक्षा जास्त चालणार असेल, म्हणजे माणसं पांगणार आणि पुन्हा गोळा करावी लागणार असतील. मजूर बाहेरून आणले जाणार असतील आणि कामाच्याच जागी राहणार असतील, म्हणजे पाणी, निवारा, औषध हेही मजुरीइतकंच महत्त्वाचं असेल. पैसा खाली पोचायला दोनपेक्षा जास्त हात लागणार असतील. आणि काम मध्येच थांबलं तर नुकसान ठेकेदारापुरतं न राहता जनतेचं होणार असेल. बोगदा, धरण, घाटातला रस्ता, मेट्रो, मोठा पूल, ही अशी कामं. या चार गोष्टींपैकी तीन जुळल्या तर निविदा काढतानाच कराराचा मसुदा तिला जोडावा. म्हणजे प्रत्येक ठेकेदार तो खर्च धरूनच दर भरेल, आणि प्रामाणिक ठेकेदार महाग ठरून बाद होणार नाही.

गावातली नाली, शाळेची एक खोली, स्थानिक माणसांकडून तीन महिन्यांत होणारं काम, इथे असा करार नको. तिथे आहे तो कायदा पाळला तरी पुष्कळ. छोट्या कामावर कागदांचं ओझं टाकलं तर छोटा ठेकेदार बुडेल आणि मजुराचं काहीच भलं होणार नाही.

करारात फार काही लागत नाही. पगाराचा वार आणि जागा. वाटपाला खात्याचा अधिकारी हजर. उचल किती आणि ती किती हप्त्यांत कापायची. तक्रारीचा निकाल सात दिवसांत, आणि ते सात दिवस काम चालू. निकाल मजुराच्या बाजूने लागला तर पैसे बिलातून वळते. मोडला तर दोन्ही बाजूंना सारखाच दंड, १८६० सारखं एकाला पैसे आणि दुसऱ्याला तुरुंग असं नाही.

आणि एक कलम अधिकाऱ्यासाठी. त्याने हा करार वाचला आहे अशी त्याची सही घ्यावी. तो वयस्कर मजूर माझ्याकडे आला होता तेव्हा माझ्या हाती असा एक कागद असता, तर "ठेकेदाराशी बोला" असं म्हणायची मला सोय राहिली नसती. त्याचं नावसुद्धा मी विचारलं नव्हतं.

पुण्याला जाताना गाडी खंडाळ्याच्या बोगद्यांतून जाते तेव्हा आपण सगळे खिडकीशी धबधबे बघतो. पुढच्या वेळी बोगद्याच्या तोंडाशी कातळाकडेही एकदा बघा. तो ज्यांनी फोडला, त्यांनी आपले पैसे मागितले होते.

बेळगावच्या मित्रांनो, पुढची निविदा भरताना मजुरीचं पान आधी उघडा. पुढच्या भागात थळ घाटाबद्दल बोलू. नमस्कार. जय हिंद.